दिवसा पक्षी, रात्री तारे: एकच दुर्बीण घ्यायची तर कोणती?

जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला 'डार्क स्काय पार्क' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतातलं हे असं पहिलं ठिकाण, आशियातलं पाचवं. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले गेले. उजेड आकाशात न उधळता खाली जमिनीवरच पडेल असे नवे दिवे लावले गेले. नागपूरकराला गाडीने दोनेक तासांत गाठता येईल असं काळंभोर आकाश कुणीतरी ठरवून जपतंय, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

तेव्हापासून एक प्रश्न हमखास कानावर येतो. 'सकाळी सफारीत वाघ-पक्षी बघायचे आणि रात्री तारे. दोन्हीला चालेल अशी एकच दुर्बीण कोणती घेऊ?' मग माणूस ऑनलाइन शोधायला बसतो आणि गोंधळून उठतो. ८×४२, १०×५०, २०×८०, झूम, एचडी, नाइट व्हिजन, बॅक-४, फुली मल्टिकोटेड... किमती हजार रुपयांपासून लाखापर्यंत. यातलं काय महत्त्वाचं आणि काय नुसतं खोक्यावर छापायला, ते समजलं की निवड तशी अवघड नाही.

इथे दुर्बीण म्हणजे दोन डोळ्यांनी बघायची, गळ्यात अडकवायची दुर्बीण. स्टँडवरच्या एका नळीला आपण टेलिस्कोप म्हणू.

दुर्बिणीवरचे दोन आकडे

'टेन बाय फिफ्टी' म्हणजे १०×५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो. दहा पट म्हणजे शंभर मीटरवरचा सांबर दहा मीटरवर उभा असल्यागत दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानात सगळी चर्चा पहिल्या आकड्याची होते, पण जास्त काम करतो तो दुसरा.

पावसात अंगणात एक लोटा आणि एक परात ठेवली, तर पाऊस दोघांवर सारखाच पडतो, पण पाणी परातीत जास्त साठतं. भिंग म्हणजे प्रकाश झेलणारं असंच भांडं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. ४२ मिमीचं भिंग तिच्या ३६ पट प्रकाश गोळा करतं, ५० मिमीचं साधारण ५१ पट. नुसत्या डोळ्यांना अजिबात न दिसणारे शेकडो तारे दुर्बीण लावताच उगवतात, ते मुख्यतः या प्रकाशामुळे. तारा इतका दूर असतो की तो दहा काय, शंभर पटीनेही मोठा दिसत नाही. ठिपका तो ठिपकाच राहतो, फक्त उजळतो.

मग जास्त पटीची का नको?

कारण हात हलतो. प्रत्येकाचा हलतो, श्वासाने हलतो, नाडीच्या ठोक्यानेही हलतो. दुर्बीण जितकी पट चित्र मोठं करते, तितकीच पट ही थरथरही मोठी करते. हातात धरून दहा पटीपर्यंत बहुतेकांचं निभतं. बारा पटीला टेकू लागतो. पंधरा-वीस पटीला तिवई (ट्रायपॉड) नसेल तर कृत्तिकांचा पुंजका नुसता नाचताना दिसेल. आठ पटीला चित्र शांत राहतं, आणि शांत चित्रात जे बारकावे टिपता येतात ते थरथरणाऱ्या दहा पटीत अनेकदा निसटतात.

दुसरं कारण दृश्यक्षेत्राचं, म्हणजे एका वेळी समोरचा किती भाग दिसतो त्याचं. पट वाढली की हा भाग आक्रसतो. साध्या ८×४२मध्ये सात-आठ अंश मावतात, १०×५०मध्ये पाच ते साडेसहा. पूर्ण चंद्र अर्धा अंश असतो, त्यावरून अंदाज घ्या. काही दुर्बिणींवर हेच माप '१००० मीटरवर १४० मीटर' असं लिहिलेलं असतं. साडेसतरा मीटर म्हणजे एक अंश धरा, म्हणजे हे झाले आठ अंश. फांदीफांदीवर उड्या मारणारा पक्षी शोधायचा असो की देवयानी तारकासमूहातला धूसर पट्टा, रुंद दृश्यक्षेत्रात तो चटकन सापडतो.

झूमवाली दुर्बीण घेऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगतो. '१०-३०×५०' असं काही दिसलं की मोह होतो, पण त्यात दृश्यक्षेत्र अरुंद असतं, पट वाढवली की चित्र काळवंडतं, आणि दोन्ही नळ्यांतली पट तंतोतंत सारखी राहीलच असं नाही. लाल चकाकणाऱ्या भिंगांचंही तेच. ती दिसायला झकास, पण लाल रंग परावर्तित करून टाकतात आणि समोरचं सगळं हिरवट-निळसर दिसतं. आणि या साध्या दुर्बिणींवर छापलेल्या 'नाइट व्हिजन'ला काही अर्थ नाही. काळोखात पाहणारी यंत्रं वेगळीच असतात, त्यांत इलेक्ट्रॉनिक्स असतं.

खरी गोम: प्रकाशवर्तुळ

भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. जे उत्तर येतं ते दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या गोलाचं माप. याला एक्झिट प्युपिल म्हणतात. आपण प्रकाशवर्तुळ म्हणू. ८×४२चं येतं ५.२५ मिमी, १०×५०चं ५, १०×४२चं ४.२, खिशात मावणाऱ्या ८×२५चं ३.१, १०×२५चं जेमतेम २.५.

आता हे डोळ्याशी ताडून बघा. भर दुपारी बाहुली आकसून दोन-तीन मिमी होते. तेव्हा ८×२५ची छोटीशी दुर्बीण आणि ८×४२ची मोठी, दोन्ही सारख्याच उजळ दिसतात. म्हणजे दुपारी बारा वाजता दुकानात उभं राहून दोघींची तुलना केली, तर छोटीच शहाणपणाची वाटेल. पण पेंचच्या गेटवर जिप्सी निघते ती पहाटेच्या झुंजुमुंजूत. सागाच्या सावलीत बसलेला बिबट्या, संध्याकाळी तलावाच्या काठावर उतरलेलं चितळांचं खांड, हे सगळं कमी उजेडातलं बघणं. तेव्हा बाहुली चार-पाच मिमी उघडलेली असते आणि छोटी दुर्बीण तिला पुरेसा उजेड देऊ शकत नाही. जंगलातली पहाट आणि गच्चीवरची रात्र या दोघींची मागणी एकच आहे, आणि म्हणूनच दोन्हीला चालणारी एक दुर्बीण शक्य होते.

वयाचाही भाग आहे. विशीत बाहुली अंधारात सात मिमीच्या जवळ उघडते. पन्नाशी-साठीत बऱ्याच जणांची पाचच्या आसपास थांबते. जुन्या काळापासून नौदलात वापरली जाणारी ७×५० ही प्रसिद्ध दुर्बीण सात मिमीचं वर्तुळ देते, पण साठीतल्या डोळ्यात त्यातला बराच प्रकाश शिरतच नाही; तो बाहुलीच्या कडेवर सांडतो. आजोबा आणि नातू दोघांनी मिळून वापरायची दुर्बीण असेल तर पाच मिमीच्या आसपासचं वर्तुळ दोघांनाही लाभतं.

नागपूरच्या गच्चीवर हिशोब थोडा बदलतो

शहराचं आकाश काळं नसतं, राखाडी असतं. धरमपेठेतून किंवा मानेवाड्यातून वर पाहिलं की रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड धूळ आणि धुक्यावर पसरलेला दिसतो. मोठं प्रकाशवर्तुळ असलेली दुर्बीण हा राखाडी उजेडही तितक्याच इमानाने डोळ्यात आणून ओतते. पट वाढवली की तो उजेड पसरून फिका होतो, पण ठिपक्यासारखा तारा फिका होत नाही. म्हणून शहरातून १०×५०मध्ये ७×५०पेक्षा जास्त तारे दिसतात, भिंग तेवढंच असूनही. जो माणूस वर्षातून एकदाच पेंचला जाणार आणि बाकी वेळ गच्चीवरूनच बघणार, त्याने दहा पटीचा विचार जरूर करावा.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दहा हजारांची दुर्बीण सिल्लारीच्या आकाशाखाली जे दाखवते ते लाखाची दुर्बीण सीताबर्डीतून दाखवू शकत नाही. तारे सोडून द्या, पण धूसर तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग) आणि दीर्घिका (गॅलेक्सी) यांच्या बाबतीत आकाशाचा काळोख भिंगापेक्षा मोठा असतो. बजेटमध्ये चार पैसे उरले तर ते महाग भिंगात न घालता पेट्रोलमध्ये घाला.

तर मग कोणती?

माझं मत सरळ आहे. दिवस-रात्र दोन्हीला एकच घ्यायची असेल, तर ८×४२. सहाशे ते साडेसातशे ग्रॅमच्या आसपास वजन, गळ्यात तीन तास लटकली तरी मान धरत नाही, हात थरथरत नाही, पहाटेला पुरते, आकाशात रुंद दिसते. आकाश हाच मुख्य छंद असेल आणि पक्षी अधूनमधून, तर १०×५०. ती आठशे ग्रॅम ते किलोभर भरते. सफारीत जरा जड, पण गच्चीवर आरामखुर्चीत बसून बघायला फार छान. १०×४२ हा पक्षीनिरीक्षकांचा आवडता मधला मार्ग आहे, हात स्थिर असेल तर तोही चुकीचा नाही.

१५×७० किंवा २०×८० बघून हुरळून जाऊ नका. तिवईवर त्या अप्रतिम आहेत, पण हातात धरायच्या वस्तू नाहीत, आणि जिप्सीत तर नाहीच नाही. थरथर आपोआप थोपवणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या 'इमेज स्टॅबिलाइज्ड' दुर्बिणीही मिळतात. अनुभव विलक्षण, किंमत तशीच.

पोरो आणि रूफ: हा काय प्रकार?

नुसत्या दोन भिंगांतून चित्र उलटं दिसतं. ते सुलटं करायला आत काचेचे लोलक बसवलेले असतात. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाने १८५४ साली एका मांडणीचं पेटंट घेतलं. त्याच्या नावाच्या दुर्बिणी खांद्यात रुंद असतात, पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर. रूफ प्रकारात नळ्या सरळ असतात, दुर्बीण सुटसुटीत होते आणि पाण्याला टिकेल अशी बंदिस्त करणं सोपं जातं. पण रूफ लोलक अचूक घडवणं कष्टाचं आणि खर्चाचं काम. म्हणून दहा हजारांच्या आत बसायचं असेल तर त्याच पैशात पोरो जास्त चांगलं चित्र देते. बजेट त्यावर जात असेल आणि पावसा-धुळीत फिरायचं असेल, तर रूफ घ्यावी. रूफ घेताना माहितीपत्रकात 'फेज कोटिंग', म्हणजे लोलकांवरचा खास लेप, आहे का बघावं. नसेल तर बारकावे जरा पुसट होतात.

रूफची आणखी एक जमेची बाजू: अनेक रूफ दुर्बिणी दोन-तीन मीटरवरचंही फोकस करतात, त्यामुळे फुलपाखरं बघता येतात. पोरोला बहुधा पाच-सहा मीटर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं.

दुकानात काय तपासायचं

शक्यतो हातात घेऊन, डोळ्याला लावूनच घ्यावी. एकाच मॉडेलच्या दोन दुर्बिणींतही फरक असतो.

आधी दुर्बीण हातभर लांब धरा, नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, आपल्याकडे आणि पुढची भिंगं उजेडाकडे. नेत्रिकेत एक उजळ टिकली दिसेल. तेच ते प्रकाशवर्तुळ. ती टिकली स्वच्छ गोल हवी. तिच्या चार बाजू कापल्यासारख्या, करड्या सावलीच्या दिसल्या, तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत असं समजावं. चांगल्या लोलकांच्या काचेला बॅक-४ म्हणतात, हलक्या काचेला बीके-७.

आता खिशातून एक पारदर्शक पट्टी काढा आणि ती टिकली मोजा. खोक्यावर '३०×५०' लिहिलं असेल, तर टिकली पावणेदोन मिमीच्या आसपास भरायला हवी. ती पाच मिमी भरली, तर ५० भागिले ५, म्हणजे ती दुर्बीण खरं तर दहा पटीचीच आहे. फुगवलेले आकडे या एका मोजमापात उघडे पडतात, दुकानदाराशी वादही घालावा लागत नाही.

मग दुकानातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात बघा. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा-बारा किंवा जास्त पृष्ठभाग असतात, त्यामुळे लेप नसेल तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळतो आणि चित्रावर पांढुरकी झाक येते. प्रतिबिंब मंद हिरवट-जांभळं दिसलं तर लेप आहेत; ट्यूबलाइट झगझगीत पांढरी दिसली तर नाहीत. माहितीपत्रकात 'फुली मल्टिकोटेड' हे पूर्ण शब्द शोधा. नुसतं 'कोटेड' म्हणजे एखाद्याच पृष्ठभागावर लेप असू शकतो.

शेवटी दुकानाच्या दारात या. लांबची एखादी पाटी, मेट्रोच्या पुलाची कडा, आकाशाच्या पार्श्वभूमीवरची विजेची तार बघा. तारेच्या कडेला जांभळी किनार थोडी असायचीच, फार असेल तर सोडून द्या. मग डोळे दहा सेकंद मिटून अचानक उघडा. क्षणभर दोन चित्रं दिसून मग ती एकमेकांत सरकली, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. अशा दुर्बिणीत डोळे जबरदस्तीने जुळवून घेत राहतात आणि अर्ध्या तासात डोकं चढतं. ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

चष्मा असेल तर?

फक्त लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, तेवढा फरक फोकसचं चाक भरून काढतं. सिलिंड्रिकल नंबर बराच असेल तर मात्र चष्मा लावूनच बघावं लागेल, नाहीतर तारे रेघोट्यांसारखे दिसतात. त्यासाठी 'आय रिलीफ' बघा: नेत्रिकेपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. चष्मेवाल्यांना ते किमान १५ मिमी हवं, १७ असेल तर उत्तम. नेत्रिकेवरचे रबरी कप खाली दुमडायला किंवा फिरवून आत घ्यायला विसरू नका.

त्या पैशात टेलिस्कोपच का नको?

आई-वडील मुलासाठी विचारतात तेव्हा हा प्रश्न येतोच. शनीची कडी बघायची असतील तर टेलिस्कोपच हवा. आठ-दहा पटीत ती दिसत नाहीत, शनी फार तर किंचित लांबट वाटतो. पण पाच-सहा हजारांचे टेलिस्कोप बहुधा डुगडुगत्या तिवईवर येतात, चित्र उलटं दिसतं, आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो, आणि मूल दोन रात्रींत कंटाळतं. दुर्बीण गळ्यात घातली की काम सुरू. शिवाय ती सकाळी अंबाझरी तलावावरही चालते.

गॅलिलिओने जानेवारी १६१०मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटीच्या नळीतून. तिचं भिंग आजच्या ४२ मिमीपेक्षा लहान होतं, आणि दृश्यक्षेत्र इतकं अरुंद की पूर्ण चंद्रसुद्धा एका वेळी मावत नसे. आपल्या १०×५०मध्ये ते चारही चंद्र, कठड्यावर कोपरं टेकवून धरलं तर, दिसू शकतात.

आणि मोबाईलचा शंभर पट झूम? तो बहुतांशी आधीच टिपलेलं चित्र ताणून दाखवतो. फोटो म्हणून त्याची मजा आहे, रात्रीच्या आकाशाचे फोटो तर आताचे फोन छानच काढतात. पण दोन डोळ्यांनी पाहताना मेंदू दोन्ही चित्रं एकत्र करतो आणि एका डोळ्याने निसटलेलं धूसर तेज जाणवू लागतं.

डोळ्याला कशी लावायची

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग 'आमच्या दुर्बिणीत धूसर दिसतं' म्हणतात. आधी मधला सांधा दुमडून दोन नळ्यांतलं अंतर आपल्या डोळ्यांएवढं करा. दोन गोलांचा एकच गोल दिसेपर्यंत. मग उजव्या नळीचं पुढचं भिंग हाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा, आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादा तारा किंवा पाटी टोकदार करा. आता डावी नळी झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरचं कडं फिरवून तीच पाटी टोकदार करा. कड्यावरची खूण लक्षात ठेवा. यापुढे तुम्हाला फक्त मधलं चाक लागेल. घरात दुसऱ्या कुणी वापरली तर कडं पुन्हा जुळवायचं.

आकाशासाठी उभं राहू नका. आरामखुर्चीत किंवा गच्चीवर चटईवर पडून, कोपरं छातीला टेकवून बघा. दुर्बीण नेत्रिकेजवळ न धरता जरा पुढे धरली तर कमी हलते. लांब दांड्याचा झाडू उलटा धरून त्याच्या केरसुणीवर दुर्बीण टेकवायची युक्ती बिनपैशाची आहे आणि खरोखर उपयोगी पडते. बऱ्याच दुर्बिणींच्या मधल्या सांध्याच्या टोकाला एक झाकण असतं. ते फिरवून काढलं की तिवईचा अडॅप्टर बसवायचा आटा दिसतो.

आणि मोबाईल खिशात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने वाया जातात.

काय दिसेल?

कोजागिरीला दुर्बीण काढणारे बरेच असतात. पण पौर्णिमेच्या चंद्रावर सूर्य समोरून पडतो, सावल्याच नसतात, त्यामुळे विवरं सपाट दिसतात. शुक्ल सप्तमी-अष्टमीला बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर सूर्य तिरपा असतो, विवरांच्या कडांच्या सावल्या लांब पडतात, आणि आठ पटीतही खड्डे खोल जाणवतात. ताऱ्यांसाठी मात्र अमावस्येच्या आसपासचेच दिवस.

डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी कृत्तिका: डोळ्यांना सहा-सात, दुर्बिणीत कितीतरी, निळसर पांढरे. मृगाच्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली लोंबणाऱ्या फिक्या ओळीत एक धुकट ठिपका आहे, तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ. तिथे आजही तारे जन्मताहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर देवयानी दीर्घिका. शहरातून तो कापसाचा पुसट डाग, पेंचमधून चंद्राच्या कितीतरी पट लांब पसरलेला तिरपा पट्टा. तो प्रकाश साधारण पंचवीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघाला.

नागपूर २१ अंश उत्तरेला असल्याचा एक खास लाभ आहे. मे महिन्याच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी नावाचा तारकागुच्छ येतो. लाखो ताऱ्यांचा तो गोळा युरोपातल्या बहुतेक आकाशनिरीक्षकांना घरून दिसतच नाही. आपल्याला उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाताना दिसू शकतो, दक्षिण मोकळी असली म्हणजे झालं.

दिवसासाठी हिवाळाच. जिल्ह्यातल्या तलावांवर पट्टकादंब उतरतात तेव्हा काठावरूनच थांबा, जवळ जाऊन त्यांना उठवू नका. आठ पटीत त्यांच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजता येतात.

सूर्याकडे कधीच नाही

दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिलं तर क्षणात डोळा कायमचा जातो. ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीतून बघणं तितकंच घातक, कारण एकवटलेल्या उन्हापुढे तो टिकत नाही. खात्रीचा सौर फिल्टर दोन्ही पुढच्या भिंगांवर घट्ट बसवलेला असेल तरच, नाहीतर नाही. मुलांच्या हातात दिवसा दुर्बीण देताना सूर्याकडे पाठ करून उभं करा, आणि सूर्योदय-सूर्यास्तालाही सूट देऊ नका.

नागपूरचा उन्हाळा, नागपूरचा पावसाळा

मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर दुर्बीण ठेवू नका. आतलं वंगण पातळ होतं, चिकटवलेले भाग सैल पडू शकतात. पावसाळ्यात खरा शत्रू बुरशी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यागत धागे उगवतात, आणि ते आतून उगवले तर पुसता येत नाहीत. झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्या ओलसर झाल्या की बदला किंवा वाळवा. नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण घेतली असेल तर आतल्या बुरशीची धास्ती बरीच कमी होते, बाहेरच्या भिंगांची काळजी तरी घ्यावीच लागते.

भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. सफारीहून परतल्यावर त्यावर लाल मातीचे कण असतात, ते घासले की लेपावर चरे पडतात. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि बोटांचे डाग राहिले असतील तरच भिंगाच्या कापडावर द्रावणाचा एक थेंब घेऊन हलक्या हाताने गोल फिरवा. द्रावण थेट भिंगावर सोडायचं नाही. ते कडेने आत शिरतं.